सोळा हजारांचा सरफेस आणि जयंतीची वर्गणी



यंदा भीमजयंतीच्या वर्गणीतून १२ हजार रुपये उरले. डीजे नको, असं ठरलं म्हणून उरले. त्यावरून झालेली भांडणं सगळ्या वस्तीला माहीत आहेत. मंडळाच्या पोरांनी ते पैसे माझ्या हातात ठेवले. "ताई, तुमचा लॅपटॉप मेलाय. फॉर्म भरायला दुसरा घ्या." माझे ६ हजार घालून १८ हजार झाले.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. नंदुरबारमध्ये आपल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले. धडगाव-अक्कलकुव्याकडे आदिवासी बांधवांच्या वनहक्क दाव्यांची कागदपत्रं. पाड्यावर टेबल नसतं, वीज कधी असते कधी नसते. खाटेवर बसून, मांडीवर यंत्र ठेवून काम करावं लागतं.

तेवढ्यात एका दुकानदाराने सरफेस प्रो दाखवला. २०१७ चं मॉडेल, कीबोर्ड आणि पेनासकट १६ हजार. वजन पाऊण किलोच्या आसपास. कीबोर्ड काढला की टॅबलेट, लावला की लॅपटॉप. हातात वहीसारखा धरून पेनाने लिहिता येतं. नवा असताना कितीला होता, हेही त्याने दोनदा सांगितलं. खरं सांगते, मन बसलं.

घरी येऊन माहिती काढली. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे. मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ साठी किमान आठवी पिढी लागते. म्हणजे हे यंत्र विंडोज १० वरच थांबलेलं. त्या विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्यांना वाढीव मुदत मिळाली, पण मुदत ती मुदतच. रॅम मदरबोर्डलाच जोडलेली, वाढवता येत नाही. बॅटरी आत चिकटवलेली, ती बदलायची तर आधी चिकटवलेला पडदा उचकटावा लागतो. हे काम आपल्या गावात कोण करणार?

मंडळातल्या एका भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आपल्याला फॉर्म भरायचेत. चालतंय ना? मग बास." त्याचं चूक नव्हतं. गरिबाने नेहमी असाच विचार केलाय, करावा लागलाय. पण मला इथेच अडकल्यासारखं झालं.

महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी ज्या मनुस्मृतीचं दहन झालं, तिच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत, असं सांगितलंय. दुसऱ्याचं वापरून झालेलं ते आपलं, ही सवय आपल्या अंगात शतकानुशतकं मुरवली गेली. मग जुनी वस्तू घेणं म्हणजे तीच गुलामी का? नाही. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये शिकताना पोटाला चिमटा काढून सुमारे २,००० जुनी पुस्तकं विकत घेतली होती. निवडून, पारखून, स्वतःच्या पैशाने घेतली होती. उतरन पदरात पडणं वेगळं आणि पारखून जुनं घेणं वेगळं. फरक वस्तूत नाही, निवडीत आहे.

आणखी एक फरक आहे. पुस्तक जुनं झालं तरी उघडता येतं, वाचता येतं. संगणकाचं तसं नाही. तो चालू असतो, दिसायला चकचकीत असतो, पण सुरक्षा अद्ययावत होणं थांबलं की त्याच्या दाराला कडी राहत नाही. आणि माझ्या घरात ठेवलेला ऐवज माझा नसतो.

आपल्याच जिल्ह्यातलं शहादा तालुक्यातलं टेंभली आठवा. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे आले आणि देशातली पहिली आधार कार्डं त्या गावातल्या आदिवासींना दिली गेली. तेव्हापासून आपल्या माणसाचं रेशन, शिष्यवृत्ती, पेन्शन सगळं त्या बारा आकड्यांशी बांधलं गेलं. तेच आकडे, बँकेची खाती, जातीचे दाखले, जमिनीचे नकाशे माझ्या लॅपटॉपमध्ये असतात. ज्या बाईने अंगठा उमटवून माझ्यावर विश्वास टाकला, तिची माहिती मी कडी नसलेल्या घरात ठेवायची? स्वस्ताईचा फायदा माझा आणि धोका तिचा, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, लिनक्स टाका. चांगला मार्ग आहे आणि फुकट आहे. पण सरफेसवर टच आणि पेन नीट चालायला वेगळी खटपट लागते. ज्या सोयीसाठी यंत्र घ्यायचं, तीच अडली तर काय उपयोग?

शेवटी मी सरफेस सोडला. १७ हजारांत एका ऑफिसातून निघालेला साधा लॅपटॉप घेतला. आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, विंडोज ११ अधिकृतपणे चालणारा. जड आहे, दिसायला ठोकळा आहे. पेन नाही, टच नाही. घाटात मोटारसायकलवर पाठीला रग लागते. पण मागचे स्क्रू काढले की बॅटरी बदलता येते, रॅम वाढवता येते. उरलेल्या १ हजाराचा हिशेब मंडळाच्या वहीत लिहून दिला. याच्यावरही कधीतरी मुदतीची वेळ येईल. तेव्हा पुन्हा विचार करू, लिनक्सचाही.

तरुणांनो, तुम्हीही स्वस्तातले मोबाइल, टॅबलेट, लॅपटॉप बघत असाल. जरूर घ्या, जुनं घ्यायची लाज बाळगू नका. फक्त किती टक्के सूट, हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार? बॅटरी आपल्या गावात बदलून मिळेल का? आणि यात बिघाड झाला तर नुकसान कुणाचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'माझ्यावर विसंबलेल्या माणसाचं' असं येत असेल, तर ती वस्तू फुकट मिळाली तरी महागच आहे.

जयभीम!