रंग किती उरलाय?

जुन्या गाडीला पॉलिश करून घ्यायला आलेल्या माणसाला वाटत असतं, की आता मी तिला काहीतरी लावणार. खरं तर मी काढणार असतो. उन्हाने मेलेला वरचा थर घासून काढायचा आणि खालचा जिवंत रंग उघडा करायचा, एवढंच हे काम. रंग किती फिका पडलाय हे कुणालाही दिसतं. मला आधी बघायचं असतं, तो किती उरलाय.

कारखान्यातून निघालेल्या गाडीवर अस्तरापासून वरपर्यंत सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडी असते. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे दीड-दोन केसांच्या जाडीत प्रायमर, रंग आणि असलाच तर क्लिअर कोट. हल्ली जाडी मोजायचं मीटर मिळतं, पत्र्याला टेकवलं की आकडा येतो. दारावर तो एकदम 400 वर गेला, की खाली लांबी भरलेली आहे असं समजावं, मालक ‘ओरिजिनल रंग आहे’ असं कितीही छातीठोक सांगत असला तरी. पण मीटर सगळ्या थरांची बेरीज सांगतं. वरचा थर किती राहिलाय हे त्याला कळत नाही, ते फडक्याला विचारावं लागतं.

पांढरं फडकं, त्यावर थेंबभर पॉलिश, आणि गाडीचा सहज न दिसणारा कोपरा. घासल्यावर फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर नाही, सरळ रंगच आहे. फडकं पांढरंच राहिलं, तर वर क्लिअर कोट आहे. पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर ठरतं.

मागच्या उन्हाळ्यात एक लाल मारुती आठशे आली. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. गाडी रिपासिंगला न्यायची होती, म्हणून आल्या होत्या. रिपासिंगला चकाकी कुणी मागत नाही, पण पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला पुन्हा पाच वर्षांचं आयुष्य मिळतंय म्हटल्यावर माणसाला तिचं तोंड धुवावंसं वाटतं. बॉनेट गुलाबी पडलं होतं. बाईंना वाटलं, रंगात आधीच खोट होती. मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतली बाजू दाखवली. तिथे कधी ऊन पोचलेलं नव्हतं, लाल तसाच्या तसा होता. त्या झाकणाकडे आणि बॉनेटकडे आळीपाळीने बघत त्या म्हणाल्या, “अहो, ही तर दुसरीच गाडी आहे!” हल्ली नव्या नंबर प्लेटच्या सक्तीमुळे, ज्यांची जुनी प्लेट डिकीच्या पत्र्यावर होती अशा बऱ्याच जणांनी हा धक्का खाल्लाय. प्लेट निघाली की खाली मूळ रंगाचा चौकोन.

लाल सगळ्यात लवकर का जातो, हे गिऱ्हाईक हमखास विचारतं. लाल रंगद्रव्य निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतं, आणि जास्त ऊर्जा असलेला भाग तोच. जुन्या गाड्यांत वापरलेली कितीतरी लाल रंगद्रव्यं मुळातच उन्हाला कच्ची होती. त्यातच रंगाचे कण धरून ठेवणारं राळेसारखं द्रव्य अतिनील किरणांनी तुटतं, कण मोकळे होतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्यावर पडलेला प्रकाश विखुरतो. म्हणून फिकटपणा. पांढऱ्या गाडीचं दुखणं वेगळं. तिच्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड ऊन मिळालं की आपल्याच भोवतीचं द्रव्य तोडायला मदत करतं, आणि हात फिरवला की खडूसारखी पूड येते. पांढरी गाडी खराब होत नाही असं म्हणणाऱ्याने तिच्यावरून कधी हात फिरवलेला नसतो.

आमच्या कोल्हापुरात पांढऱ्या गाडीला आणखी एक त्रास आहे. उद्यमनगर आणि शिरोलीकडे फाउंड्र्या, ग्राइंडिंगची दुकानं. लोखंडाची बारीक धूळ उडते, रंगात रुतते आणि गंजते. धुतलेल्या गाडीवर तपकिरी ठिपके दिसतात, साबणाने जात नाहीत. त्यात ऊस हंगामात चिमण्यांची काजळी. ही घाण क्ले बारने ओढून काढल्याशिवाय मशीन टेकवलं, तर तीच घाण पॅडखाली फिरते आणि सगळ्या गाडीला ओरखडे देते. धुणं, पुसणं, क्ले फिरवणं याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कंटाळवाणं आहे, पण करायलाच लागतं.

खरी गंमत कंपाउंडची. नवा पोरगा दुकानात आला की त्याचा हात सगळ्यात जाड कंपाउंडकडे जातो, कारण फरक लगेच दिसतो. मी उलटं सुरू करायला लावतो. हातभर चौकोन टेपने आखायचा, त्यात सगळ्यात मऊ पॉलिश, मऊ फोम. भागलं तर तेवढ्यावरच काम. नाही भागलं तर एक पायरी वर. वॉटर पेपर अगदी शेवटी, तोही 2000 नंबरचा, भरपूर पाण्यात. आठशेच्या बॉनेटवर आधी तेलकट ग्लेझ चोळून रात्रभर ठेवलं. सुकलेला जुना रंग तेल पितो, सकाळी घासताना कमी तुटतो आणि कमी घासावा लागतो. मग मशीन. पांढरा फोम दोन फेऱ्यांत लालभडक झाला. ती लाली म्हणजे गाडीचाच रंग, तो परत येणार नाही. म्हणून माझं लक्ष चकाकीपेक्षा पॅडवर जास्त असतं. बॉनेटची मधली उभी कड आणि सगळ्या काठांना टेप लावलेली असते. पातळ रंग वाळताना कडेवरून मागे सरतो, त्यामुळे तिथे थर आधीच कमी, आणि मशीनचा जोर नेमका तिथेच पडतो. पत्र्यावर तळहात ठेवून बघत राहायचं. चटका बसायला लागला की थांबायचं.

तपासणी ट्यूबलाइटखाली करू नये, तिथे सगळ्या गाड्या सुंदर दिसतात. एकच बारीक, प्रखर बल्ब घ्यावा. त्याच्याभोवती गोल गोल जाळी दिसते. ओरखडे गोल नसतात, सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याला आडवे असतील तेवढेच चमकतात आणि त्यांचं वर्तुळ भासतं. दिवा हलवला की वर्तुळही हलतं. ही जाळी बहुतेक वेळा रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्यातून आलेली असते. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर ओढणं हाही त्याचाच भाऊ.

जुन्या गाड्यांच्या बाजारात रॉकेल किंवा डिझेलचा हात मारून गाडी उभी करतात. तेलाने खडबडीतपणा भरतो, रंग खुलतो, चार दिवसांत परत जैसे थे. ओल्या फडक्यानेही क्षणभर तेच होतं. म्हणून वापरलेली गाडी धुतल्या धुतल्या बघायला जाऊ नये, कोरडी असताना जावं.

क्लिअर कोटच्या गाडीला मी पुष्कळदा सरळ नाही म्हणतो. टपावर, बॉनेटवर पांढरे चट्टे आले, साल सुटायला लागली, की पॉलिशने काही होत नाही. क्लिअर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो, तो सुटला की सुटला. घासून पुन्हा फवारावा लागतो. लोक रागावून जातात आणि दुसरीकडे जोरात पॉलिश मारून घेतात.

पद्मिनीचं काम आलं तर मी दोन दिवस जास्त मागतो. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी 2023च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीतून बाद झाली, घरगुती मात्र अजून कुणाकुणाच्या दारात आहेत. त्या इतक्या वेळा रंगवलेल्या असतात, की एखादा टवका वॉटर पेपरने उतरता केला की पाण्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी वलयं निघतात. वर निळा, मग क्रीम, मग हिरवा, मग अस्तर. कुठला रंग परत आणायचा हे मालकालाच विचारावं लागतं, आणि त्या घरात त्यावर एकमत नसतं.

आठशेचं बॉनेट, दारं, मडगार्ड उत्तम आली. टपावर मात्र दोन जागी लालाखालून प्रायमरची राखाडी सावली दिसायला लागली होती. तिथे मी मशीन लावलं नाही, हाताने पॉलिश आणि वर मेण, बस्स. बाईंनी विचारलं, टप तेवढा मळकट का? म्हटलं, “बाई, तिथे रंगच उरला नाही. घासला तर पत्रा दिसेल. आणि टप कोण बघायला जातंय?”

“वरनं दिसतो की,” त्या म्हणाल्या. “आमच्या वरच्या मजल्यावर नणंद राहते.”

मग टप फवारायचा वेगळा भाव सांगितला. बॉनेट आधी उजळून झालं होतं हे बरं झालं, नाहीतर पेंटवाल्याने त्या गुलाबीला जुळवून शेड काढली असती.