दाराशी उभे असलेले गुरुजी

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी आठ वाजता आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त गुरुजी पांढरी काठी टेकीत चर्चच्या दाराशी आले. त्यांच्या पत्नीच्या प्रथम पुण्यस्मरणाचे मिस्साबलिदान सात वाजताच आटोपले होते. वेळ बदलल्याची सूचना मी आदल्या दिवशी सर्वांच्या मोबाईलवर धाडली होती. फुलांची महिरप, मेणबत्ती, वळणदार अक्षरे, सारे एकाच चित्रात! काचबिंदूने गुरुजींची दृष्टी हिरावून घेतली आहे. त्यांचा मोबाईल आलेला मजकूर वाचून दाखवतो; त्या दिवशी तो एवढेच बोलला, "चित्र."

सात वाजता गुरुजी बाकावर दिसले नाहीत, याचे मला नवल वाटले होते. पण मी चौकशी केली नव्हती.

"फादर, नुसते शब्द पाठवले असते तरी चालले असते," ते शांतपणे म्हणाले.

त्यानंतर मी टी. व्ही. रामन यांच्याविषयी मुद्दाम वाचले. १९६५ साली पुण्यात जन्म. चौदाव्या वर्षी काचबिंदूनेच अंधत्व. वाडिया महाविद्यालयात गणित, मग मुंबईची आयआयटी, पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ. तेथे १९९४ साली डॉक्टरेटसाठी त्यांनी गणिती लेखन बोलके करणारी प्रणाली रचली आणि तिला आपल्या वाटाड्या श्वानाचे, 'ॲस्टर' हे नाव दिले. तीत घातांक आला की आवाजाची पट्टी चढते. नंतर त्यांनी मोठमोठ्या कंपन्यांत काम केले. मला मात्र त्यांची एक साधीशी युक्ती फार भावली. पडद्यावरील दिनदर्शिका यंत्राने दिसते तशी वाचली, तर ऐकणाऱ्याच्या पदरी नुसती आकड्यांची रांग पडते. रामन यांचे 'ईमॅक्सस्पीक' वार, तारीख, महिना, वर्ष असे नीट सांगते. दिनदर्शिकेपाशी माणूस कशासाठी येतो, हे त्यांनी आधी ओळखले.

आंधळ्या बार्तीमयावर मी पंचवीस वर्षे प्रवचने देत आलो आहे. तुझ्यासाठी मी काय करावे, असे प्रभूने त्याला आधी विचारले. गुरुजींना मी ते कधीच विचारले नव्हते.

आता प्रत्येक सूचना प्रथम गुरुजींकडे जाते आणि त्यांचा मोबाईल काय बोलला, ते मी फोनवर ऐकतो. 'सायं. ५ वा.' हे त्याने इतके विचित्र वाचले की आम्ही दोघेही हसलो. मी 'सायंकाळी पाच वाजता' असे लिहू लागलो. महिरपीची हौस असणाऱ्यांसाठी चित्र मागाहून जाते.

पुढच्या सोमवारी ते मिस्साबलिदान मी पुन्हा अर्पण केले. गुरुजी पाऊण तास आधीच येऊन बसले होते.