ओल आणि सातवीण

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आईचं घर विकायला काढायचं ठरलं. कोथरूडमधली 1984 सालची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई 82 वर्षांची. जिन्यात आता दोनदा टेकते, आणि टेकली की शेजारच्यांचं दार वाजवून चौकशी करते, म्हणजे दमली असं कुणाला वाटू नये.

*

एजंट फोनवर म्हणाला, "ताई, आत्ता पार्टी येणार नाही. घटस्थापनेनंतर बघू." पितृपक्षात कुणी विसार देत नाही, नवं घर बघायलाही निघत नाही. आईला हे पटेना. "तुझे बाबा याच दिवसांत येतात म्हणता ना? मग गिऱ्हाईक कोण आहे ते त्यांनाही बघू दे की."

एजंटाने पहिल्यांदाच "हो मावशी" म्हटलं नाही.

*

पंधरा दिवस आवराआवरी. पोटमाळ्यावर तीन कुकर, एकालाही गास्केट नाही. पाट सहा, पाटावर बसू शकणारं घरात कुणी नाही. दिवाळी अंकांची चळत रद्दीवाल्याने नेली, तांब्याचा बंब भंगारवाल्याने तोलून पाहिला. भाव ऐकल्यावर आई म्हणाली, "ठेव खाली." बंब आता माझ्या बाल्कनीत आहे.

*

पावसाळा संपता संपता घर दाखवण्यात एक मोठा तोटा: ओल ताजी असते. निजायच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला खिडकीखाली पोपडे आले होते, कडेने पांढरा लोणा. रंगारी आला, बोटाच्या पेराने भिंत वाजवली, म्हणाला, "पुट्टी भरून दोन हात मारतो. महिनाभर काही दिसणार नाही."

महिनाभर! आम्हाला हवा होता तेवढाच वेळ. खोटं कशाला सांगू, मी हिशेब विचारला.

पण ही ओल आतून झाकून जात नसते. छज्ज्याच्या सांध्यात बाहेरून भेग होती, पाणी तिथून शिरत होतं. ओल्या गिलाव्यावर पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट चढवला की आतल्या पाण्याला वाट राहत नाही, मग रंगच फुगून सुटतो. आधी बाहेरची भेग बुजवायची, सुटलेला गिलावा खरवडायचा आणि मग काहीही न करता ऑक्टोबरचं ऊन खाऊ द्यायचं. बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती सोसायटीच्या अंगावर. सेक्रेटरींना दोन पत्रं आणि एक चकली-चहा लागला. भेग बुजली, पण आतली भिंत वाळेपर्यंत उघडीच. खोलीत शिरल्याबरोबर पहिली नजर तिच्यावर. मी कपाट सरकवायला निघाले तर आई म्हणाली, "असू दे. विचारतील त्यांना सांगू. न विचारतील त्यांनाही सांगू."

*

धाकट्या बहिणीने न्यू जर्सीतलं घर गेल्या ऑक्टोबरात विकलं. तिकडे घर विकायच्या आधी सजवतात. तिने दोन खोल्यांपुरतं फर्निचर भाड्याने आणलं, अंगणातली लालपिवळी पानं रोज झाडली, पायरीवर भोपळे मांडले, लोक यायच्या आधी दालचिनी घालून केक भाजला. व्हिडिओ कॉलवर तिने आमचा हॉल पाहिला आणि म्हणाली, "ताई, घरच्यांचे फोटो आधी काढ. येणाऱ्याला हे घर त्याचं वाटलं पाहिजे."

काढले. प्रत्येक फोटोमागे भिंतीचा जुना, न विटलेला हिरवा चौकोन. बाबांचा मोठा, आजी-आजोबांचा आडवा, आमच्या मुंजी-लग्नांचे लहान. फोटो होते तेव्हा कुणाचं लक्ष जात नव्हतं, आता कुणाचंही गेलं असतं. शेवटी अख्खा हॉल रंगवावा लागला, आणि दिवाळीच्या तोंडावर रंगाऱ्याचा भाव काय असतो ते विचारू नये.

*

देव्हारा मात्र हलवायचा नाही, एजंटाची सक्त सूचना. "ईशान्येला आहे ताई, आपला प्लस पॉइंट आहे." माणसांचे फोटो उतरवायचे, देव ठेवायचे.

*

पहिली दोन गिऱ्हाइकं सकाळी अकराला आली. हॉल त्या वेळी तळघरासारखा. पुढच्या सगळ्यांना मी साडेचारची वेळ दिली. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कलू लागलेला असतो. बाल्कनीतून तिरपं ऊन शिरतं ते थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येतं, कडाप्प्याचा जुना ओटासुद्धा चमकतो. वैशाखात हेच ऊन भाजून काढतं, पण वैशाखात आम्ही घर विकत नव्हतो.

दुसरी शिकलेली गोष्ट: आधी पाणी, मग घर. तीन जिने चढून आलेला माणूस पहिली दोन मिनिटं फक्त स्वतःची छाती ऐकत असतो. तेवढ्यात त्याला खोल्या दाखवल्या तर त्याला सगळ्याच लहान वाटतात.

*

समोरच्या रस्त्यावर सातवीण आहे. शरद लागला की तिला हिरवट-पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि संध्याकाळी तो वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. कुणाला आवडतो, कुणाचं डोकं उठतं. एका मुलीने ओढणी नाकाला लावून विचारलं, "हा रोज येतो?" "सीझनल आहे मॅडम," एजंट म्हणाला, जणू आंबा. एक गृहस्थ मात्र बाल्कनीत वीस मिनिटं उभे राहिले, कॉलेजच्या आवारातल्या अशाच झाडाबद्दल बोलले, चहा घेतला आणि स्वयंपाकघर न बघताच गेले. घर घ्यायला आलेच नव्हते बहुतेक.

*

खरं सजवायचं असतं ते फाइलला. मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, वारसाचे कागद, मिळकत कराच्या पावत्या, सोसायटीचं येणं-बाकी नसल्याचं पत्र. शेअर सर्टिफिकेट सापडेना. चौथ्या दिवशी ते देव्हाऱ्याच्या खणात, पंचांगात सापडलं.

हस्तांतराच्या प्रीमियमला सरकारने 25,000 रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे. कमिटीने वर "बिल्डिंग फंडाला स्वखुशीने" काही सुचवलं. मी 9 ऑगस्ट 2001 च्या परिपत्रकाची झेरॉक्स पुढे केली. स्वखुशी तिथेच थांबली.

*

घर घेतलं ते एका शिक्षक जोडप्याने. दोघेही भिंतीपाशी थांबले. आईने भेग कुठे होती, कशी भरली, कुणी भरली, सगळं सांगितलं आणि बिलाची झेरॉक्स दिली. एजंट छताकडे बघत होता. त्यांनी 50,000 कमी करायला सांगितले, आई 40,000 वर आली. मला वाटतं तिने मनात आधीच 60,000 धरले होते.

मुद्रांक शुल्क पुण्यात 7 टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सूट. नवऱ्याने पाच मिनिटं विचार केला. घर बाईंच्या नावावर.

*

दसऱ्याला विसाराचा चेक. पाकिटावर आपट्याचं पान चिकटवलेलं.

*

दस्तनोंदणी कोजागिरीनंतर. कार्यालयात खुर्च्या कमी, पंखा एक. आईचा फोटो निघाला, मग अंगठा. यंत्र घेईना. ऑपरेटर म्हणाला, "आजी, पुसून परत ठेवा." पुसून ठेवला. घेईना. एवढी वर्षं ओटा, भांडी, कपडे. रेषा उरल्यात कुठे! तिसऱ्यांदा त्याने स्वतःच आईचा अंगठा धरून दाबला. बाईंनी पर्समधून हाताला लावायचं क्रीम काढून दिलं. आईने ते चोळलं, हुंगून पाहिलं, "छान आहे गं, कुठलं?" म्हणाली, आणि अंगठा ठेवला.

चौथ्या वेळी उमटला.