कान्हेरीची अक्षरे आणि प्रकाशाचा पडदा

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी पाहिली. तिसऱ्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या दाराशी कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांवर बोट ठेवून त्याने विचारले, "आजोबा, इथे काय लिहिलंय?"

दुसऱ्या शतकात दोघा व्यापारी बंधूंनी हे चैत्यगृह कोरविले, हे मी त्याला सांगितले. इतर लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने आहेत, 'अक्षयनीवी' आहे. मुद्दल अभंग ठेवायचे आणि उत्पन्नातून खर्च भागवायचा! ज्याचे आयुष्य मुदत ठेवींत गेले, त्या माझ्यासारख्या बँक अधिकाऱ्याचे हात आपोआप जोडले गेले. परंतु भोवतालचे पर्यटक छायाचित्रे काढून पुढे निघाले होते.

या अक्षरांना वाचा फुटावी म्हणून भव्य एलईडी पडदा असावा, असे वाटते. तो स्वयंप्रकाशी असल्याने दिवसाउजेडीही स्पष्ट दिसतो. त्यावर एकेक अक्षर उमटावे, खाली मराठी अर्थ यावा. पावसाचे पाणी कातळातील पन्हळींतून टाक्यांत कसे उतरते, तेही दिसावे.

मात्र तो लेण्यांपाशी नको. जंगलाच्या गाभ्यातील या स्थळी २०२२ साली लोकार्पण झालेल्या सुविधांनाही सौरऊर्जा आणि जनित्राचाच आधार घ्यावा लागला. शिवाय रात्रीच्या दिव्यावर किती जीव झेपावतात, हे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या आपल्या घरांना सांगायला नको. पडदा सुमारे सहा किलोमीटर अलीकडे, उद्यानाच्या प्रवेशद्वारी असावा आणि सूर्यास्तापूर्वी मालवावा.

मुद्दल म्हणजे ते कातळ आणि तो अंधार. ते अभंग राहिले पाहिजे.