गंधाराखालची रेघ

एका दिवंगत गायकबुवांच्या बंदिशींची हस्तलिखित वही छापण्याजोगी करावी, असा उद्योग आम्ही काही वर्षांपासून करीत आहोत. बुवांचे काही शिष्य सरगम वाचणारे, तर काही परदेशी, केवळ पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी जाणणारे. तेव्हा वर ती लिपी आणि तिच्याखाली देवनागरी सरगम, अशी पानाची रचना ठरली, आणि त्यासाठी लिलिपाँड ही मुक्त संगणकप्रणाली निवडली. दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ साली सुरू केलेल्या या प्रणालीत स्वर माउसने ओढून बसवायचे नसतात. ते मजकुरासारखे लिहायचे, पान ती रचते.

तिच्यापाशी स्वरचिन्हांचा स्वतःचा फॉन्ट आहे, एमेंटालर. (फॉन्टांना चीजची नावे देण्याची ही हौस!) तो आठ मापांत मिळतो, आणि लहान माप म्हणजे मोठ्याची आक्रसलेली प्रत नव्हे, त्यातल्या रेघा प्रमाणाने अधिक जाड ठेवल्या आहेत, म्हणजे बारीक छपाईत त्या पुसट होत नाहीत. इतकी काळजी घेतलेली पाहून आम्ही निर्धास्त झालो असतो, तर नवल नव्हते.

पण सरगमाची अक्षरे एमेंटालरमधून येत नाहीत. ती संगणकावरच्या इतर फॉन्टांतून येतात, आणि मागितलेला फॉन्ट न सापडल्यास प्रणाली न थांबता निमूटपणे दुसरा घेते. इंग्रजी गीताचे त्याने फारसे बिघडत नाही. भातखंडे पद्धतीत मात्र कोमल स्वराखाली आडवी आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. त्यांसाठी आम्ही युनिकोडमधील वैदिक स्वरांच्या खुणा उसन्या घेतल्या, आणि त्या खुणा पुष्कळ देवनागरी फॉन्टांत नसतातच. मग गंधाराखालची रेघ ठिपक्यांच्या वर्तुळावर बसून शेजारी जाते, नाहीतर तिचा चौकोन होतो. चौकोन परवडला, तो निदान डोळ्यांत खुपतो. पण मुद्रितशोधनात कोणी तो कचरा समजून काढला, की काफी थाटाचा खमाज होतो. मध्यमावरची रेघ गेली, की कल्याणाचा बिलावल. वरच्या पाच रेघांवर गंधार कोमलच राहतो, आणि खाली तोच शुद्ध! खरे कोणते, हे विचारायला बुवा आता नाहीत.

म्हणून फॉन्ट निवडताना आम्ही अक्षराच्या देखणेपणाकडे उशिरा पाहतो. आधी पाचही विकृत स्वरांची एक ओळ छापून पाहतो. पसंत पडलेल्या फॉन्टची फाइल बंदिशींच्याच फोल्डरमध्ये ठेवून आरंभीच्या एका आज्ञेने जोडतो, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर पान बदलत नाही. शेवटी पीडीएफमध्ये कोणते फॉन्ट शिरले, त्यांची यादी वाचतो. अनोळखी नाव दिसले, की पान परत.

मंद्र कोमल निषादाचे तेवढे जमलेले नाही. त्याच्या पोटाखाली रेघ आणि बिंदू दोन्ही हवेत, आणि आमच्या फॉन्टात ते एकमेकांना चिकटतात. त्या जागा सध्या छापील पानावर पेनाने नीट करतो.