श्री. ........ यांस

घरात लग्नपत्रिका छापून आल्या की ओसरीवर सतरंजी अंथरली जायची. अण्णा मांडी घालून बसायचे. मी यादी वाचायची आणि त्यांनी शाईच्या पेनानं नावं घालायची. 'श्री.' आणि 'यांस' छापील, मधली ठिपक्यांची ओळ रिकामी. नाव लांबलचक असलं की शेवटाकडे अण्णांचं अक्षर बारीक होत जायचं, पण 'यांस'ला ते कधी चिकटायचं नाही. "जागा सोडावी थोडी," ते म्हणायचे, "नाव गुदमरतं."

बारावीनंतर मुक्ताईनगरातच, हायवेलगतच्या एका क्लासमध्ये जावास्क्रिप्ट शिकू लागले आणि पहिल्याच आठवड्यात ती पत्रिका पुन्हा समोर आली. अवतरणचिन्हांतला मजकूर म्हणजे छापील भाग, व्हेरिएबल म्हणजे ठिपक्यांची ओळ आणि दोन्ही जोडायला अधिकचं चिन्ह. मी माझं नाव जोडलं, तर पडद्यावर 'नमस्कारकविता'. 'नमस्कार'च्या पुढे, अवतरणाच्या आत, एक मोकळी जागा सोडली तेव्हा कुठे नावाला श्वास मिळाला.

पुढे मृगबागेची केळी निघाली तेव्हा काट्यावरच्या दोन खेपांची बेरीज मी संगणकाला सांगितली. दोन चौकटींत ४२ आणि ३८ क्विंटल भरले. उत्तर आलं ४२३८. अण्णा बराच वेळ बघत राहिले. "ही वजनं मिळवली नाहीत," ते म्हणाले, "शेजारी शेजारी ठेवली." नेमकं तेच झालं होतं. चौकटीत भरलेला आकडा जावास्क्रिप्टच्या हाती मजकूर म्हणून पडतो, आणि अधिकच्या एका बाजूला जरी मजकूर असला तरी ते चिन्ह बेरीज सोडून जोडकामाला लागतं. ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात १० दिवसांत या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. तिच्यात एकाच चिन्हावर ही दोन कामं आहेत. पीएचपीमध्ये जोडायला टिंब असतं, ते मला अधिक स्वच्छ वाटतं. दोन्ही मजकुरांचे आधी आकडे करून घेतले आणि ८० आले.

मिळणं आणि शेजारी असणं यातला फरक तेव्हापासून मनात राहिला. इथून जवळच, चांगदेवला, पूर्णा तापीला मिळते. तापीच्या शेजारून वाहत नाही. मराठी शब्दांचंही तसंच आहे. काही वर्षांनी केळीच्या गाड्यांचे निरोप मोबाइलवर धाडणारा प्रोग्राम लिहिला. 'गाडी', मग गावाचं नाव, मग 'ला पोचली'. रावेरला, यावलला, भुसावळला, सगळं छान. आणि मग आलं धुळेला, सावदाला, चोपडाला. घासात खडा लागावा तसं झालं. प्रत्यय लागण्याआधी मराठी नाम वाकतं: धुळ्याला, सावद्याला, चोपड्याला. अधिकच्या चिन्हाला हे वाकवणं येत नाही.

त्या रात्री 'यांस' आठवलं आणि मी उठून बसले. तिथे प्रत्यय नावाला लागतच नाही, 'यां'ला लागतो! आत कुठलंही नाव भरा, ते जसंच्या तसं राहतं. सरकारी कागदावरचं 'धुळे येथे' त्याच जातीचं. मला हे शब्द कोरडे वाटायचे. एका साच्यात हजारो नावं बसवणाऱ्या कुणा जुन्या कारकुनानं आमचा प्रश्न कधीच सोडवून ठेवला होता. त्याच्याबद्दल फार आदर वाटला.

पण शेतकऱ्याच्या मोबाइलवर 'गाडी सावदा येथे पोचली' मला पटेना. घरात असं कुणी बोलत नाही. म्हणून गावांच्या यादीला दुसरा रकाना जोडला: धुळेसमोर धुळ्या, सावदासमोर सावद्या. मुक्ताईनगर दोन्ही रकान्यांत सारखंच. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचं त्याचं जुनं नाव एदलाबादही तसंच.

यादी मोठी होती. संध्याकाळी अण्णा चष्मा लावून शेजारी बसले. या वेळी वाचायचं त्यांनी आणि लिहायचं मी.

"एरंडोल. हे तसंच राहू दे," ते म्हणाले. मग बोट खाली सरकलं. "पारोळा," आणि मी विचारायच्या आत, "पारोळ्याला."