मंगळवार-शुक्रवार
मंगळवार-शुक्रवार सौ.चं डायलिसिस. चार तास ती मशीनवर, मी बाहेर बाकड्यावर 'बनगरवाडी' घेऊन. दोन पानं होत नाहीत तोवर डोळा लागतो. तरी पिशवीत पुस्तक असतंच.

गेल्या शुक्रवारी एसटीत तिनंच विचारलं, "कपाशीतले सापळे बघितले का?" तीन दिवस बघितलेच नव्हते. घरी येऊन बॅटरी घेतली, वीस हिरवी बोंडं तोडून फोडली. दोनात गुलाबी अळी. म्हणजे दहा टक्के, फवारणीची पातळी. शनिवारी सकाळीच पंप पाठीवर घेतला.

आता वही एकच. तिचं वजन अन् पिण्याचं पाणी मी लिहितो. सापळ्यातले पतंग मी मोजून सांगतो, ती लिहिते. बघितले नाहीत तर विचारते.